मृत्युपत्राच्या नावाखाली आमच्याकडून विक्रीचे अधिकार लिहून घेतले

आम्हा दोघांना मूलबाळ नाही. नाशिकमधला फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला, माझ्याच नावावर. सिन्नरजवळचा बिनशेती प्लॉट यांच्या नावावर. आमच्यामागे फ्लॅट माझ्या भाचीला आणि प्लॉट यांच्या पुतण्याला मिळावा, एवढीच आमची इच्छा. त्यासाठी मृत्युपत्र करायला निघालो आणि त्यातच फसवले गेलो. आमच्या वयाची कितीतरी जोडपी आज याच विचारात आहेत, म्हणून तपशिलाने लिहिते आहे.

ज्येष्ठ नागरिक संघात एका गृहस्थाचं व्याख्यान झालं. ओळख करून दिली ती 'वारसा सल्लागार' म्हणून. बोलणं अत्यंत आदबशीर, कलमं तोंडपाठ. त्याने पहिलीच जी गोष्ट सांगितली ती खरी होती. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मूल नसलेली विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि नवराही हयात नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा हक्क त्यानंतर येतो आणि बहिणीच्या मुलीचा तर त्याहून मागे. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पुढे वकिलांकडून खात्री करून घेतली, कायदा असाच आहे. भीती खरी होती, म्हणूनच त्यामागोमाग आलेला खोटा उपाय शंका न येता गळी उतरला.

उपाय म्हणजे 'जोडप्यासाठीचं पॅकेज'. दोघांचं मिळून एक संयुक्त मृत्युपत्र, दोघांची मुखत्यारपत्रं (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारे कागद) आणि शेवटच्या आजारपणातल्या उपचारांबद्दलचा एक कागद. एकूण ६५ हजार रुपये, त्यातले ३८ हजार 'सरकारी मुद्रांक शुल्क आणि फी' म्हणून. आता हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं: मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. साध्या कागदावर लिहिलेलं मृत्युपत्रही कायदेशीर असतं. नोंदणी ऐच्छिक आहे, आणि करायची म्हटली तरी दुय्यम निबंधक कार्यालयातली फी १०० रुपयांच्या घरात, वर पानांमागे थोडं हाताळणी शुल्क. शासनाला भरलेल्या प्रत्येक रुपयाचं चलन किंवा पावती असते. आम्हाला मिळाली ती त्याच्या छापील पावतीपुस्तकातली.

पण पैसे ही यातली लहान गोष्ट. खरा डाव मुखत्यारपत्रात होता.

"काका, उद्या तुम्ही दवाखान्यात असलात तर काकूंना तलाठी, महापालिका, सोसायटी अशी धावपळ जमणार आहे का? आमचा माणूस सगळं करील. आणि बरंवाईट झालं तरी हा कागद चालू राहतो, वारसांना त्रास नाही." हे त्याचे शब्द. यातलं शेवटचं वाक्य निखालस खोटं आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की मुखत्यारी संपते. इतकंच नाही, त्याचं मानसिक भान हरपलं तरीही ती संपते. म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या भीतीने जे लोक मुखत्यारपत्र करून ठेवतात, त्यांना नेमक्या त्या वेळी त्याचा आधार नसतो. ही गोष्ट आम्हाला कोणीतरी आधी सांगायला हवी होती.

कागद घरी आणले ते संध्याकाळी उशिरा, लहान टायपात, कोर्टाच्या मराठीत. पहिलं पान त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात वीजबिल, घरपट्टी, सोसायटीचा पत्रव्यवहार होता. मधल्या पानांवर मात्र मिळकत विकणे, विसार रक्कम स्वीकारणे, पावती देणे, साठेखत म्हणजे विक्रीचा करार करणे हे सगळे अधिकार त्याच्या भागीदाराच्या नावे होते आणि 'सदर मुखत्यारपत्र कायम व अपरिवर्तनीय आहे' असंही होतं. सह्या घेऊन कागद तो घेऊन गेला आणि नोटरीचे शिक्के मारून परत आणले. आम्ही दोघं नोटरीसमोर कधी उभेच राहिलो नव्हतो.

प्रकार उघडकीला आला तो वर्तमानपत्रातल्या एका जाहीर नोटिशीमुळे. प्लॉटचे शेजारी रोज त्या नोटिसा वाचतात, देव त्यांचं भलं करो. त्यांनी कात्रणाचा फोटो पाठवला: यांचं नाव, गट नंबर आणि 'मुखत्यारधारकामार्फत खरेदीचा व्यवहार ठरला आहे, हरकत असल्यास १४ दिवसांत कळवावे'. यांचा आवाजच बसला. घेणारा एक तरुण शिक्षक निघाला. त्याने विसार म्हणून ४ लाख रुपये देऊन टाकले होते. तोही आमच्याइतकाच फसलेला, आणि त्याची रक्कम आमच्यापेक्षा कितीतरी मोठी.

पुढे जे केलं ते क्रमाने सांगते. नोटिशीला वकिलामार्फत लेखी हरकत घेतली. मुखत्यारपत्र रद्द केल्याचा दस्त नोंदवला, त्या भागीदाराला रजिस्टर पोस्टाने कळवलं आणि वर्तमानपत्रात आमची जाहीर नोटीस दिली. 'अपरिवर्तनीय' शब्दाची मला फार धास्ती होती. वकिलांनी समजावलं की मुखत्याराचा त्या मिळकतीत स्वतःचा हितसंबंध असेल तरच तसं म्हणता येतं, नुसतं लिहिल्याने काही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे की कुलमुखत्यारपत्राने, म्हणजे सगळे अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रानेही, मालकी जात नाही. त्यामुळे प्लॉट आमचाच राहिला. फसवणुकीची तक्रार पोलिसांत दिली, गुन्हा दाखल झाला. पैसे अजून मिळालेले नाहीत, ना आमचे ना त्या शिक्षकाचे.

मृत्युपत्रही कुचकामी होतं. त्यावरचे दोन्ही साक्षीदार आम्ही कधी पाहिलेले नाहीत. कायद्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांनी आपल्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ती सही आपलीच असल्याचं आपण त्यांना सांगितलेलं असावं. पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी हयात असलेल्या एकाला तरी कोर्टात बोलवावं लागतं. न सापडणारा साक्षीदार काय कामाचा? आता आम्ही दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं केली. संयुक्त नको, कारण एक जण गेल्यावर मागे राहिलेल्याला बदल करायचा तर वाद उभे राहू शकतात. साक्षीला आमच्याहून वयाने लहान असे दोन परिचित, ज्यांना मिळकतीतलं काही मिळणार नाही.

मुखत्यारपत्र आम्ही एकमेकांना दिलं, ठरावीक कामांपुरतं, आणि नोंदवलं. महाराष्ट्रात नवरा-बायको किंवा जवळच्या नातलगाला मोबदल्याशिवाय दिलेल्या मुखत्यारपत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो. त्रयस्थाला स्थावर मिळकत विकायचा अधिकार दिला तर मात्र खरेदीखताइतकं शुल्क लागतं. कोणी ५०० च्या स्टॅम्पवर परक्या माणसाच्या नावे असा कागद पुढे केला, तर सही करू नका, कागद आपल्या वकिलाला दाखवा.

आणि अशी सही आधीच झाली असेल, तर ज्या नोटरीचा शिक्का आहे त्याच्या नोंदवहीतली नोंद वकिलामार्फत तपासून घ्या. तिथे तुमची सही नसेल तर ती तक्रारीसोबत जोडण्याजोगी भक्कम गोष्ट आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्या मिळकतीची सूची क्रमांक २, म्हणजे तिच्यावर नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, पाहा, मुखत्यारपत्र रद्द करण्याचा दस्त लगेच करा, आणि नोटरीविरुद्धची तक्रार शासनाच्या विधी व न्याय विभागाकडे वेगळी द्या.