आफ्रिका कोअरवरचं (दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढलेली जर्मन फौज) जाडजूड पुस्तक, घ्यावं का?
सेकंडहँड मागवलं, बाइंडिंग सुटलेलं आलं, पण आतला माल भारीये. आपल्याला वाटतं आफ्रिका कोअर म्हणजे जर्मन सेनापती रोमेलच, पण फेब्रुवारी १९४१ला त्रिपोलीत उतरलेला हा गडी ऑगस्टपर्यंतच कोअरचा कमांडर होता, मग वरचं पद मिळालं नि कोअर जनरल क्रुवेलकडे गेली, हे कुणी सांगतच नाही राव! पेट्रोलचं चॅप्टर तर दोनदा वाचलं, बंदरापासून शेकडो किलोमीटर ट्रक पळवायचे नि त्यातच निम्मं तेल संपायचं, मग इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत रणगाडे चालणार कशावर? मे १९४३ची ट्युनिशियातली शरणागती मात्र चार पानांत उरकलीये. नकाशे एवढे बारीक की भिंग लागलं. चार स्टार.