तेवढ्याच सुया, पन्हा मात्र वेगळा

बाळाची 80 सेंटिमीटर पन्ह्याची शाल विणायची आहे, जोड न देता. मशीन घरगुती, 200 सुयांचं. मग वीण कोणती घ्यावी? बहुतेक जण आधी डिझाइन निवडतात. मी आधी पन्हा बघते.

दोन सुयांमधलं अंतर 4.5 मिलिमीटर, म्हणजे सुयांची रांग 90 सेंटिमीटर. पण मशीनवरून उतरलं की कापड आक्रसतं, आणि किती आक्रसेल ते विणीवर असतं. समजा, तुमच्या लोकरीचे साध्या विणीत 10 सेंटिमीटरला 28 टाके बसतात. मग 200 सुयांवर जेमतेम 71 सेंटिमीटर. शाल होत नाही.

टक विणीत सुई जुना टाका सोडत नाही, नवा धागाही आकड्यातच धरून ठेवते. दोन-तीन ओळींनंतर सगळे वेढे एकदम विणले जातात आणि शेजारच्या टाक्यांना बाजूला रेटतात. कापड रुंदावतं, पण उंचीला दबतं. त्याच लोकरीचे 24 टाके भरले तर पन्हा 83 सेंटिमीटर. आपलं काम झालं! मात्र ओळी पुष्कळ जास्त, लोकरही जास्त, आणि शाल जडशी होते. साध्या विणीच्या हिशोबाने मी एकदा टकचा स्वेटर विणला होता: रुंदीला पोतं, उंचीला झबलं.

स्लिप विणीत नेमकं उलट. धागा सुईला वगळून मागून आडवा जातो आणि दोन्हीकडचे टाके जवळ ओढतो. 32 टाके बसले तर साडेबासष्ट सेंटिमीटरच. फेअर आयलमध्येही, म्हणजे एकाच ओळीत दोन रंग घेऊन केलेल्या नक्षीत, मागे असेच धागे असतात. जाकिटाला उत्तम, कारण ते ताणत नाही आणि ऊबही देतं. शालीला नको, बाळाची बोटं त्या धाग्यांत अडकतात.

रिब, म्हणजे स्वेटरच्या काठाला असते ती उभ्या रेघांची वीण, सगळ्यांत जास्त आत ओढली जाते, शिवाय त्यासाठी सुयांची दुसरी रांग लागते. गंमत म्हणजे त्याच रिबमध्ये टक घातला की ती पसरते.

तेव्हा शालीला टक. हलकी हवी असेल आणि जोड चालत असेल, तर साध्या विणीच्या दोन पट्ट्या करून जोडा. माझं मत या पट्ट्यांकडेच झुकतं, विशेषतः पुण्या-मुंबईच्या थंडीसाठी. काहीही ठरवलं तरी त्याच विणीचा तुकडा विणून धुवा, रात्रभर पडू द्या आणि मगच मोजा. मशीनवर वजनं लटकलेली असताना मोजलेला तुकडा लांब आणि अरुंद दिसतो.