खताची उतरंड: सोसायटीत शिकवायला घ्यावी का?

घंटागाडीमुळे ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय नाशिकच्या बऱ्याच घरांना लागली आहे. पुढची पायरी म्हणजे त्या ओल्याचं घरीच खत करायचं आणि त्यावर गॅलरीत मेथी-पालक घ्यायचा. हे शिकवणाऱ्या स्वयंसेवकाला हातात काहीतरी दाखवायला लागतं. त्यासाठी सध्या सर्रास विकत मिळणारं साधन म्हणजे भाजक्या मातीची तीन मडक्यांची उतरंड. वरची दोन मडकी बुडाशी मोकळी आणि जाळी लावलेली, खालचं बंद बुडाचं, अंगाला हवेची भोकं आणि वर झाकण. शिकवण्यासाठी आम्ही हिला पाचपैकी चार गुण देऊ. एक गुण कापला तो जाळीपायी.

गुण देण्याचं मुख्य कारण असं की ही उतरंड चूक लपवत नाही. ओल जास्त झाली तर मडक्याचं अंग बाहेरून गडद दिसतं, आत कोरडं पडलं तर मुंग्या लागतात, कोंदलं तर झाकण उघडताक्षणी वास येतो. समोर बसलेल्या वीस जणांना हे सगळं डोळ्यांनी आणि नाकाने कळतं. बंद प्लास्टिकच्या तोटीवाल्या बादलीत तसं होत नाही. तिच्यात कचरा हवेशिवाय आंबतो, भरल्यावर पंधरा दिवस तशीच ठेवावी लागते आणि नंतर तो माल मातीत पुरावा लागतो. उरलेल्या शिजवलेल्या अन्नासाठी ती चांगली. पण सहाव्या मजल्यावर राहणाऱ्याने पुरायला माती आणायची कुठून?

घेताना मडकं बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर भाजणी पक्की. बद्द आवाज आला तर कच्चं भाजलंय किंवा कुठेतरी तडा आहे, घेऊ नका. एकेक मडकं वीस लिटरच्या आसपासचं असावं. चार माणसांच्या स्वयंपाकघरातून रोज अर्धा-पाऊण किलो ओला कचरा निघतो, तो खाली बसत बसत असं मडकं भरायला तीन ते चार आठवडे घेतो. त्याहून लहान मडकं पंधरवड्यात भरतं आणि खालचा माल कच्चा असतानाच जागा रिकामी करायची वेळ येते.

आता जाळीबद्दल. बहुतेक संचांत काथ्याची किंवा सुती दोरी विणून दिलेली असते. जे जंतू कचरा कुजवतात तेच ती दोरी खातात, आणि मडकी बदलताना पंधरा किलोचा ओला माल थेट पायावर येतो. साधी लोखंडी जाळी लावली तर ती गंजते. घेतल्याबरोबर दोरी काढून ३ मिमी जाडीची नायलॉन दोरी उभी-आडवी ओवून घ्या, दोन दोऱ्यांत साधारण दोन बोटांचं अंतर ठेवा. मडकं उचलायला नेहमी दोघं जण असू द्या. काठाचा टवका उडाला की झाकण नीट बसत नाही, आणि झाकण बसलं नाही की चिलटं आलीच.

भरण्याची रीत सोपी आहे, पण क्रम मोडू नये. जाळीवर वर्तमानपत्राची दोन पानं, त्यावर चार बोटं सुका पाला, त्यावर मूठभर जुनं खत. मग रोज जितक्या वाट्या बारीक चिरलेला ओला कचरा, तितक्याच वाट्या चुरलेला पाला. पावसाळ्यात पाला दीडपट ते दुप्पट. तीन-चार दिवसांनी वरचा वीतभर थर काठीने हलवायचा. वरचं मडकं भरलं की ते मधे ठेवायचं आणि मधलं रिकामं वर आणायचं. तेही भरलं की आधीचा माल तळाच्या मडक्यात ओतायचा, नवं भरलेलं मधे आणि रिकामं झालेलं पुन्हा वर. सुरुवातीपासून ७५ ते ९० दिवसांत तळातून पहिलं खत निघतं, वजनाने ओल्या कचऱ्याच्या साधारण पाचवा हिस्सा.

उतरंडीसोबत मिळणाऱ्या, कुजवणारे जंतू असलेल्या पावडरीच्या पाकिटावर आमचा आक्षेप आहे. पावडर वाईट नाही, पण वर्गात ती वापरली की लोकांना वाटतं सगळी किमया पाकिटात आहे, आणि पाकीट संपलं की मडकं कोपऱ्यात जातं. लिटरभर पाण्यात वाटीभर आंबट ताक आणि सुपारीएवढा गूळ कालवून शिंपडलं तरी विरजणाचं काम भागतं. खरी टंचाई असते ती पाल्याची. चार माणसांच्या घराला वर्षाकाठी चुरलेल्या पानांच्या चार-पाच गोण्या लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ असते तेव्हाच सोसायटीच्या माळ्याला किंवा झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवा, नाहीतर तो पाला जाळला जातो. कडुनिंब, वर्षावृक्ष, आंबा, जांभूळ चालतात. अशोकाची आणि वडाची जाड पानं चुरूनच घाला. नीलगिरीची टाळा. प्लायवूडचा भुसा नको, त्यात चिकटद्रव्य असतं. पाला मिळालाच नाही तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चालतं, पण ते खूप पाणी धरतं, म्हणून कोरडंच आणि निम्म्या मापाने घालावं.

नाशिकच्या हवेत या मातीच्या भांड्याची परीक्षा उन्हाळ्यात होते. एप्रिल-मेमध्ये मडकं अंगाने पाणी सोडत राहतं, आतला माल सुकतो आणि कुजणं थांबतं. लोकांना वाटतं वास नाही म्हणजे खत झालं! मूठभर माल हातात दाबून पाहायला शिकवा: बोटांतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर पाला घाला, काहीच आलं नाही आणि मूठ उघडल्यावर माल विस्कटला तर तांदळाचं धुवण शिंपडा. मडकी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या गॅलरीत ठेवावीत, भोवती ओलं गोणपाट गुंडाळावं. पावसाळ्यात तिरप्या सरींपासून आडोसा हवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कुजणं मंदावतं, तेव्हा कचरा आणखी बारीक चिरावा आणि मडकी दुपारच्या उन्हात सरकवावीत.

कांद्याची टरफलं आपल्याकडे ढिगाने निघतात. ती घालायला हरकत नाही, फक्त सुट्टी करून पसरा, गठ्ठा टाकला तर महिनोन्‌महिने तशीच राहतात. द्राक्षांच्या मोसमात घड मोकळे केल्यावर उरणारे देठ आणि फुटके मणी एकदम टाकले की चिलटांचे थवे येतात. ते पाल्यात पुरून वर दोन बोटं कोरडा थर द्यावा आणि झाकणाखाली जुन्या धोतराचं फडकं बांधावं. निर्माल्यातला दोरा, जरी आणि प्लास्टिक आधी काढा. तेलकट रश्शाची भाजी, मासळी, हाडं यात नकोत. राखाडी-तपकिरी चपट्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने संपवतात. पांढरी बुरशीही चालते. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, पाला वाढवा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर हवा पोचत नाही, माल उकरून मोकळा करा.

शिकवताना नवी कोरी उतरंड नेऊ नका. महिनाभर चाललेली न्या, शिवाय काचेच्या तीन बरण्यांत नीट जमलेला, फार ओला आणि फार कोरडा असा माल भरून न्या आणि चूक कुठली ते लोकांनाच ओळखू द्या. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने महाराष्ट्रातल्या द्राक्षबागायतदारांत जी रीत रुजवली, म्हणजे प्रत्येकाने आपल्या जागेत करून पाहायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं, ती गॅलरीतल्या बागेलाही तितकीच लागू पडते. एका बैठकीत काही होत नाही. लोक सोडतात ते दुसऱ्या आठवड्यात, पहिली चिलटं दिसली की. म्हणून सातव्या, एकविसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी परत जाण्याच्या तारखा पहिल्याच दिवशी ठरवाव्यात. तेवढा वेळ नसेल तर उतरंड विकत घेण्याची घाई करू नका.

तयार खत चाळायला ४-५ मिमीची चाळणी पुरते. वर राहिलेला चोथा पुन्हा वरच्या मडक्यात जातो, विरजण म्हणून तोच उत्तम. वापरण्याआधी ओलसर खतात मेथीचे दहा दाणे पेरा. चार-पाच दिवसांत आठ उगवले तर खत पिकलं, तीन-चारच आले तर आणखी पंधरा दिवस थांबा. पिकलेलं खत, माती आणि पाल्याचा चुरा समभाग घेऊन कुंडी भरा. वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर पाणी घालताना खत काठावरून वाहून खालच्या मजल्यावर जातं आणि तक्रार सोसायटीच्या सचिवांकडे पोचते.