स्लाइपनरचा खुला सिस्मिक डेटा: कडा चोख, वजन अंदाजे

जमिनीखाली सोडलेला कार्बन डायऑक्साइड कसा सरकतो हे शिकायला फुकटात स्लाइपनरच्या सिस्मिक डेटाहून (जमिनीत लहरी सोडून थरांवरून परतलेल्या प्रतिध्वनींची नोंद) चांगलं साहित्य मिळणं कठीण. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६पासून समुद्रतळाखालच्या उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात हा वायू सोडला जातो. सुरुवातीची कित्येक वर्षं वर्षाला ९-१० लाख टन. त्याआधीचं १९९४चं आणि पुढे २०१०पर्यंतची सिस्मिक सर्वेक्षणं ‘सीओटू डेटाशेअर’ या संकेतस्थळावर आहेत. परवाना मान्य करा, सेग-वाय (सिस्मिक डेटाचा प्रचलित साचा) फाइली उतरवा.

वायू कुठे पोचला हे पाहायला नंतरच्या सर्वेक्षणातून आधीचं वजा करतात. तिथेच पहिली ठेच लागते. १९९४च्या सर्वेक्षणावर नंतर पुन्हा प्रक्रिया झाली, त्यामुळे त्याच्या आवृत्त्या अनेक. २०१०सोबत प्रक्रिया झालेलं १९९४च २०१०मधून वजा करा. भलती जोडी घेतली तर प्रक्रियेतला फरकच वायू म्हणून समोर येतो. वायूपासून लांबच्या भागात वजाबाकीनंतर जे उरतं, तो तुमचा गोंगाट. त्याहून दुबळ्या खुणेवर भरवसा ठेवू नका.

दुसरी गफलत वेगाची. वायू शिरलेल्या वाळूत लहरींचा वेग सेकंदाला सुमारे २०५० मीटरवरून १४५०च्या आसपास घसरतो. मग खालचे थर उशिरा उमटतात आणि खचल्यासारखे दिसतात. खचलेलं काहीच नसतं. क्रॉस-कोरिलेशनने (दोन नोंदी सरकवून जुळवण्याच्या पद्धतीने) वेळेचा फरक काढून मगच वजाबाकी करावी. वायू वाळूत नऊ थरांत साठला आहे. त्यांपैकी तळचे थर वरच्यांच्या सावलीत अंधुक होतात, ते सोडून दिलेलेच बरे. सगळ्यात वरचा थर मात्र लाजवाब आहे. झाकणखडकाच्या (वायू वर जाऊ न देणारा अभेद्य थर) तळाशी असलेल्या लांबट उंचवट्याला धरून उत्तरेकडे गेलेली वायूची जीभ सर्वेक्षणागणिक मोजता येते.

जाडीत हा डेटा तोकडा पडतो. थर ७-८ मीटरांहून पातळ असला की त्याच्या माथ्याचं आणि तळाचं परावर्तन एकमेकांत मिसळतं. जाडी अ‍ॅम्प्लिट्यूडवरून, म्हणजे परावर्तनाच्या जोरावरून, ताडावी लागते. वजनासाठी पुन्हा घनता हवी, आणि इथलं तापमान कार्बन डायऑक्साइडच्या ३१.१ अंश सेल्सिअसच्या क्रांतिक बिंदूजवळचं (त्याच्या वर वायू-द्रव हा भेद उरत नाही), म्हणजे दोन-तीन अंशांची चूकही घनता बरीच हलवते. विहिरीच्या तळाशी तापमान-दाबमापक बसवलेला नाही, ही खरी उणीव. पाण्यात विरघळलेला वायूही सिस्मिकला दिसत नाही.

वायूचा प्रवास संगणकावर उभा करायला, म्हणजे सिम्युलेशनला, सिंटेफ या नॉर्वेच्या संशोधन संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर एमआरएसटी-सीओटूलॅब पुरतं. मॅटलॅब मात्र लागतं. सिम्युलेशनमध्ये उत्तरेची जीभ तोकडी आली तर वाळूची पारगम्यता (द्रव-वायू झिरपू देण्याची क्षमता) वाढवत बसण्याआधी झाकणखडकाच्या तळाचे चढउतार तपासा. तिथले काही मीटरही वायूची वाट बदलतात.