नर्सला बाहेर पाठवायचं की आपल्याच लेबर रूममध्ये तयार करायचं?

एएनएम (सहायक नर्स आणि सुईण हा अभ्यासक्रम) झालेली, आसपासच्याच गावची मुलगी हाताशी आहे. पण बाळंतपणं आणि ऑपरेशन थिएटर तिच्या भरवशावर सोडण्याआधी तिला तयार कुठे करायचं? शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात की आपल्याच बाळंतपणाच्या टेबलापाशी? आमचं छोटं रुग्णालय यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासूनही आत आहे. मी दोन्ही करून पाहिलं.

मोझांबिकमध्ये १९८४ पासून डॉक्टर नसलेल्यांना शस्त्रक्रिया शिकवतात. मलावीत क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी, सिझेरियन करतात. आपल्याकडे सिझेरियन डॉक्टरनंच करायचं, त्यामुळे सुरी कोणाच्या हाती हा आपला प्रश्न नाही. अडलेलं बाळंतपण रात्री दोन वाजता वेळेत ओळखणार कोण आणि पोट शिवण्याआधी मॉप (रक्त टिपायची फडकी) आत राहिलं नाही ना, हे मोजणार कोण, हा आहे.

बाहेरचं प्रशिक्षण वाईट नसतं. सरकारी एसबीए (कुशल प्रसूती सहायक) प्रशिक्षण २१ दिवसांचं आहे. आमच्या दोघी सिस्टर गेल्या ते केंद्रही त्याच धर्तीचं होतं. झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम कसं द्यायचं, न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायचा बॅग-मास्क कसा लावायचा, हे त्या पुतळ्यावर पुन्हा पुन्हा घोटून आल्या. आमच्याकडे झटक्याची बाई वर्षातून दोन-तीनदाच येते. एवढ्यावर कोणाचा हात बसत नाही, हे मला मान्य आहे.

माझं मन उडालं ते पार्टोग्राफमुळे, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते तासागणिक मांडायच्या तक्त्यामुळे. त्या परत आल्यावर तक्ते सुरेख यायला लागले. टिपके सरळ, बाळाचे ठोके १४०, १४२, १४०. मी खूश होतो. महिनाभरानं एका पहाटे लेबर रूममध्ये शिरलो, तर बाळ आईच्या पोटावर, नाळ कापलेली आणि सिस्टर कोपऱ्यात बसून रात्रभराचा तक्ता भरत होती. एका बैठकीत, एकाच पेनानं. जुने कागद काढून पाहिले, तेही तसेच. तिला बोललो, नंतर वाईट वाटलं. केंद्रात गर्दी इतकी की बाहेरून आलेल्यांच्या वाट्याला टेबल क्वचितच यायचं, आणि तक्ता त्यांना शिकवला होता तो वर्गात, आधीच होऊन गेलेल्या केसवरून. तो बाळंतपणानंतर लिहायचा कागद आहे, असंच तिच्या मनात बसलं होतं.

मागाहून भरलेला पार्टोग्राफ कोणाला वाचवत नाही. गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं की पहिला टिपका, दर अर्ध्या तासानं ठोके आणि कळा, चार तासांनी आतून तपासणी, आणि टिपका अलर्ट लाइनच्या (तोंड किती वेगानं उघडायला हवं ते दाखवणाऱ्या तिरक्या रेघेच्या) उजवीकडे सरकला की हालचाल. आमच्याकडे भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यांना पाऊण तास लागतो. तो पाऊण तास त्या रेघेतूनच काढायचा असतो.

पुढच्या दोघींना मी पाठवलं नाही. सहा महिने टेबलाशेजारी ठेवलं. पहिले दोन महिने पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा येतात ते मोजायचं, ठोके ऐकायचे आणि टिपका तिथल्या तिथे मांडायचा, एवढंच. थिएटरमध्येही आधी मॉप मोजणं, मोठ्यानं, फळ्यावर लिहून. ऑटोक्लेव्ह (अवजारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) आणि ट्रॉली त्यानंतर. पाचव्या महिन्यात रात्री अकराला फोन आला, "सर, टिपका रेघेले टेकून राहिला, तुम्ही या." रेघ ओलांडलीही नव्हती. सिझेरियन करावं लागलं, पण भूलतज्ज्ञ वेळेत पोचले आणि बाळ काढल्याबरोबर रडलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या गावातच राहिल्या, घरोघरी गेल्या आणि डॉक्टर तिथे येऊन त्यांचं काम तपासत. आमचं काम वेगळं आहे, पण तपासणारा माणूस कामाच्या जागी असला की काय होतं, ते मला लेबर रूममध्ये दिसलं.

ही पद्धत डॉक्टरचा वेळ खाते, सहा महिने माझी झोप गेली. महिन्याला वीसेक बाळंतपणंही होत नसतील, तर बहुधा बाहेर पाठवणंच बरं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसलेल्या मुलीला मात्र यात मुळीच घेऊ नका, ती कितीही हुशार असो. झटके आणि रक्तस्राव यांच्या सरावासाठी मी आजही सिस्टरना आठवडाभर बाहेर धाडतो, पण टेबलाजवळचे सहा महिने झाल्यावर.

सुरुवात करणार असाल, तर टेबलासमोर सेकंदकाटा असलेलं घड्याळ लावा आणि तक्त्याची पाटी खाटेच्या पायथ्याशी अडकवा. आमच्याकडे ती आधी सिस्टरच्या टेबलावर असायची.