सुरक्षा क्लिनिक : गोळ्या चोख, निरोप कच्चा

सिव्हिल हॉस्पिटलात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत त्वचारोग नाहीतर स्त्रीरोग विभागाच्या आसपास ‘सुरक्षा क्लिनिक’ची पाटी दिसते. लैंगिक आजारांवरची ही नाकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, मोफत सेवा. इथली औषधं खासगी दवाखान्याच्या तोडीची आहेत. ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ अशा भिंतींवरच्या जाहिराती वाचून पैसे उधळण्यापेक्षा तर शंभर पटींनी बरी.

कारण पद्धत सरळ आहे. रिपोर्टची वाट न पाहता लक्षणं पाहून त्याच दिवशी औषध देतात, आणि त्यासाठी सात रंगांची किट ठरलेली आहेत. लघवीच्या जागेतून पू येत असेल, म्हणजे लोक ज्याला परमा म्हणतात तो प्रकार, तर करडं किट : अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच वेळी, समोरच घ्यायचं. अंगावरून पांढरं जाणं, खाज यासाठी हिरवं : सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. न दुखणारी जखम असेल तर गरमीचा (सिफिलिसचा) संशय धरून पांढरं : बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिटचं इंजेक्शन आणि अझिथ्रोमायसिन. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर निळं, त्यात १५ दिवसांचं डॉक्सिसायक्लिन. ते गरोदरपणात चालत नाही, म्हणून पाळी चुकली असेल तर आधीच सांगावं. पाण्याच्या फोडांसाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं, जांघेतल्या गाठीसाठी काळं.

गडबड होते ती किटच्या बाहेर. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर परत जाऊन सांगावं लागतं, पण लोक लाजून गप्प राहतात. हिरव्या आणि पिवळ्या किटवर दारू घेतली की मळमळ, उलट्या होऊ शकतात, आणि दोष औषधाला. पिवळ्या किटच्या १४ दिवसांच्या गोळ्या पाचव्या दिवशी दुखणं थांबलं की डब्यात पडून राहतात. लाल किटने फोड लवकर सुकतात, पण हर्पिसचा, म्हणजे या फोडांचा, विषाणू शरीरातच राहतो. हे समुपदेशकाने नीट सांगितलं नाही तर माणूस स्वतःला बरा समजून मोकळा होतो.

आणि सगळ्यात मोठी गळती जोडीदारापर्यंत निरोप पोचण्यात आहे. करड्या किटने पुरुषाचा पू दोन-तीन दिवसांत थांबतो. बायकोला बहुतेक वेळा काहीच त्रास जाणवत नसतो, त्यामुळे ती येत नाही आणि तोही सांगत नाही. महिन्याभरात तो तेच दुखणं घेऊन पुन्हा केसपेपर काढतो. तिच्या गर्भनलिकांना सूज येऊन पुढे मूल राहणं अवघड होऊ शकतं ते वेगळंच. जोडीदाराला तपासणीला बोलावणारी चिठ्ठी देण्याची सोय आहे, पण गर्दीच्या ओपीडीत ती दोन वाक्यांत उरकली जाते, आणि बरोबर आणलेला माणूस बाहेरच्या बाकावरच बसून राहतो. समुपदेशनासाठी दार बंद होणारी खोली प्रत्येक ठिकाणी नसते. या बाबतीत सेवा निम्मे गुणही मिळवत नाही.

‘जोडीदाराला सांगितलं नाही तर तुरुंगात जावं लागेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आजारावर आणि वागण्यावर अवलंबून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत दोन कलमं आहेत. जिवाला धोका असलेला रोग पसरेल हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, निष्काळजीपणे वागलं तर कलम २७१ : सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तेच दुष्ट हेतूने केलं तर २७२ : दोन वर्षांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत हीच २६९ आणि २७० होती. गुन्हा ठरणं वाटतं तितकं सोपं मात्र नाही. १८८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गरमीच्या एका खटल्यात, संबंधातून रोग लागला म्हणून २६९ खालचा गुन्हा होत नाही असं ठरवलं होतं. ‘मला काही नाही’ असं खोटं सांगून संबंध ठेवले तर मात्र फसवणुकीचा मुद्दा उभा राहतो.

एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. कलम १० नुसार, समुपदेशन झालेल्या किंवा एचआयव्ही कसा पसरतो हे माहीत असलेल्या एचआयव्हीबाधित माणसाने संसर्ग टाळायची वाजवी काळजी घ्यायची. त्यात धोका कमी करणारे उपाय किंवा आधी सांगणं येतं, म्हणजे सांगणं हा एकच मार्ग नाही. सांगितल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असलेल्या स्त्रीला यातून सूट आहे. या कलमाला त्याच कायद्यात वेगळी शिक्षा जोडलेली नाही. कलम ९ प्रमाणे डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात, पण आधी त्या व्यक्तीला समजावून, ती सांगणार नाही याची खात्री करून, आणि ‘आता मी सांगणार’ हे तिला कळवूनच. नर्स, लॅबवाले यांना हा अधिकार नाही. क्लिनिकच्या भिंतीवर रंगांचा तक्ता लावतात, त्याच्या शेजारी या ओळी मराठीत लावायला फार खर्च येणार नाही.

जायचं असेल तर सकाळच्या ओपीडीच्या वेळेत, शक्य असेल तर दोघांनी. गरमीची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी त्याच भेटीत मागून घ्यावी, ती फुकट आहे. संबंध नुकताच आला असेल तर एचआयव्हीचा ‘निगेटिव्ह’ तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावा. सात दिवसांनी फेरतपासणीला जावं, तोवर संबंध बंद. जोडीदाराला घेऊन जाणं जमत नसेल तर निदान चिठ्ठी मागावी, कारण न मागता ती मिळेलच असं नाही. घरी विषय कसा काढायचा हे विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि तिथे नाव सांगावं लागत नाही.