अपोलोचं छायाचित्र: त्या काळची प्रिंट की स्कॅनवरून काढलेली नवी?

1968 च्या नाताळच्या आदल्या दिवशी बिल अँडर्स यांनी चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो 8 यानातून टिपलेला पृथ्वीचा उदय भिंतीवर हवा असेल, तर दोन वाटा आहेत. नासाने त्या काळी काढलेली मूळ प्रिंट शोधायची, किंवा फिल्मच्या स्कॅनवरून नवी काढून घ्यायची.

जुनी रंगीत प्रिंट हातात घेतली की आधी वरच्या पांढऱ्या कडेवरचा लाल क्रमांक बघावा, मग उलटी करून 'अ कोडॅक पेपर' हा फिकट जलछाप. या खुणा नसतील तर जास्त पैसे मोजू नयेत. मात्र त्या कागदातले रंग उजेडात विटतात, म्हणून माझ्या मते तिची जागा भिंतीवर नाही, आम्लमुक्त पाकिटात आहे.

नवी प्रिंट स्वस्त, मोठी आणि तपशिलात सरस. शिवाय ती कधीकधी जास्त खरी असते! अपोलो 11 मधलं ऑल्ड्रिन यांचं प्रसिद्ध छायाचित्र घ्या. आर्मस्ट्राँग यांच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यात चौकट इतकी खाली आली की ऑल्ड्रिन यांच्या डोक्यावर आकाश जवळजवळ उरलंच नाही. प्रसिद्ध करताना वर काळी पट्टी जोडली गेली. स्कॅनमध्ये ती मूळ, तिरकी चौकट तशीच दिसते.

तरीही एकच घ्यायची झाली तर मी जुनी घेईन, लहान आणि थोडी पिवळसर असली तरी. चंद्रावरची माणसं ही ताजी बातमी होती, तेव्हाचा तो कागद आहे.